पाहुणे मोजता, घरची माणसं कधी मोजणार?



नवरात्र संपलं की पेपरात आकडा येतो. अंबाबाईच्या दर्शनाला यंदा इतके लाख भाविक आले, अमक्या दिवशी उच्चांक झाला. मे महिन्यात तसाच आकडा, नाताळच्या सुट्टीत तसाच. मागच्या वर्षीपेक्षा आकडा मोठा असला की कोल्हापूरची छाती फुगते. लॉजवाले खूश, खेळणी-टोप्यांच्या गाड्या खूश, पुढारी तर सगळ्यात खूश. या आकड्याशेजारी दुसरा एक आकडा छापलेला मी आजवर पाहिला नाही. त्या दहा दिवसांत महाद्वार रोड, ताराबाई रोड, जोतिबा रोड, शुक्रवार पेठ इथल्या किती घरांत वेळेवर स्वयंपाक झाला? किती म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात जाता आलं नाही? किती बायकांनी गल्लीच्या तोंडाला उभं राहून हात जोडले, की बाबा, गाडी काढ, माझं घर आहे हे?

२०११च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत-बाहेर होती. १९७२ साली महापालिका झाली, पण त्यानंतरच्या पाच दशकांत शहराची हद्द काही वाढली नाही. देऊळ शहराच्या पोटात, पेठांच्या मधोमध. रस्ते संस्थानाच्या काळातले, टांग्यांच्या मापाचे. तिरुपतीहून दर नवरात्रात देवीला शालू येतो आणि बालाजी झाला की कोल्हापूरला यायचं अशी दक्षिणेकडच्या कितीतरी भाविकांची रीत आहे. ती जुनी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता त्याच्या जोडीला गोव्याला जाताना वाटेत थांबणारे, पन्हाळा-जोतिबा-रंकाळा असं एका दिवसात उरकणारे, आणि रंकाळ्यावर रात्री एक वाजता रील काढणारेही आले. हे सगळे मिळून ज्या बोळांतून जातात, त्याच बोळांत आपण राहतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जे शहर आल्यागेल्यांची गणती करतं आणि राहणाऱ्यांची करत नाही, ते घरातल्या बायकांच्या वेळेवर, पाण्यावर आणि झोपेवर उधारीचा धंदा करतंय. आणि ही उधारी फेडायची आहे असं कुणाच्या मनातसुद्धा नाही.

वेळेपासून सुरू करते, कारण आपल्या घरांत वेळ म्हणजे नुसतं घड्याळ नव्हे. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. शिरोली एमआयडीसीतून पाचला सुटलेल्या मुलाला पेठेत यायला पाऊण तास धरला तरी पुरे, असा हिशेब पूर्वी बसायचा. आता शनिवारी तावडे हॉटेलपासून कावळा नाक्यापर्यंत गाडी सरकते ती गोगलगायीसारखी. पुढं दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, प्रत्येक ठिकाणी परगावच्या गाड्या खिडकीची काच खाली करून 'मंदिर किधर है' विचारत उभ्या. मुलगा घरी येतो तेव्हा ताट वाढलेलं असतं आणि बाहेर अंधार झालेला असतो. मग तो पाणीही न पिता झोपतो, नाहीतर चिडून बाहेर खातो. ज्याला रात्रीभोजनाचा नियम मोडायचाय, त्यानं तो स्वतःच्या मर्जीनं मोडावा. नाशिकच्या कुणा साहेबांनी चौकात आडवी लावलेली मोठी गाडी ते ठरवायला लागली, हे मला मान्य नाही. 'एवढ्या तेवढ्यानं काय होतंय' म्हणणाऱ्यांना मी विचारते, तुमच्या घरी आठवड्यातनं दोन दिवस कुणीतरी परक्यानं येऊन जेवणाची वेळ बदलली तर चालेल का?

आता चातुर्मासाचं. नवरात्र अश्विनात, म्हणजे दरवर्षी चातुर्मासातच येतं. महाराज गावात असतात. सकाळी आहाराला निघतात तेव्हा गल्लीत दोन-तीन चौके लागलेले असतात, पडगाहनाला आपण नारळ-कलश घेऊन दारात उभ्या असतो. मुनी चार हात जमीन बघत, मुंगी-किडा वाचवत अनवाणी चालतात. ही ईर्यासमिती नवरात्रातल्या महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत पाळायची कशी, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. दोन्ही बाजूंनी गाड्या, मधून दर्शनाहून परतणारी गर्दी, खाली पडलेले चहाचे कागदी कप आणि उसाच्या रसाचं चिकट पाणी. त्या पाण्याला मुंग्या लागलेल्या. श्रावक पुढं चालून हात जोडून वाट करतात. आणि मग ते होतं जे बघून माझं रक्त तापतं. कुणीतरी मोबाइल वर करतो. एक हसतो, दुसरा शेजारच्याला कोपरानं ढोसतो, आणि दिगंबर मुनींचा व्हिडिओ निघतो. परवा एकानं तर महाराजांच्या पुढं उलटं चालत चालत सेल्फी घेतली. आमच्या गल्लीतल्या आक्कांनी त्याचा हात धरून मोबाइल खाली केला, तर तो म्हणाला, 'पब्लिक प्लेस है आंटी.'

पब्लिक प्लेस! जिथं आमच्या सासवांनी पहाटे सडा घातला, जिथं लग्नाचे मांडव पडले, जिथून शेवटच्या यात्रा निघाल्या, ती गल्ली आता पब्लिक प्लेस. त्या दिवशी महाराजांना आहार मिळाला, पण अंतराय येऊन ते तसेच परतले असते तर पुढच्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंब नाही. दिवसाला एकदाच, तोही उभ्यानं, ओंजळीत. एवढं त्या सेल्फीवाल्याला ठाऊक असण्याची अपेक्षा मी करत नाही. पण शहराच्या गर्दीचं नियोजन करणाऱ्यांना ठाऊक असायला काय हरकत आहे? सकाळी साडेनऊ ते अकरा अशी दीड तास एक गल्ली वाहनांना बंद ठेवायची, एवढंच मागणं आहे. किरणोत्सवाच्या वेळी बघा, मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचावीत म्हणून वाटेतल्या इमारतींचे अडथळे मोजले जातात, कुणाचा मजला, कुणाची टाकी आड येते त्याची चर्चा होते. चांगलंच आहे ते. मग चालत्या माणसाच्या वाटेतले अडथळे मोजायला कुठली टेप लागते?

पाण्याचं तर बोलायलाच नको. २०२३च्या दिवाळीत काळम्मावाडीहून थेट पाइपलाइनचं पाणी शहरात आलं तेव्हा आपण सगळ्यांनी आनंद केला. पण शेजारच्या वाड्याच्या जागी चार मजली लॉज झालं की खोल्या किती, न्हाण्या किती, आणि त्यासाठी बोअर किती खोल, हे शेजाऱ्याला कोण विचारतं? आमच्या बोळातला आड बुजला आणि तिथं लॉजची पायरी आली. चौक्यासाठी आडाचं पाणी लागतं म्हणून आता दोन गल्ल्या ओलांडून सोवळ्यानं कळशी आणायची. सोवळ्यात, गर्दीतून, धक्के खात. ज्यांनी हे केलंय त्यांनाच ते कळेल. बाकीच्यांना ती गंमत वाटते आणि तेही फोटो काढतात.

आणि दवाखाना. गेल्या मे महिन्यात एका रविवारी सासूबाईंना धाप लागली. रुग्णवाहिका आली, पण बिंदू चौकाच्या पुढं तिला सरकता येईना. शेवटी दिरांनी आणि शेजारच्या दोघा पोरांनी सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून गर्दीतून नेली. लोक बाजूला झाले, नाही असं नाही. एका बाईनं त्यांच्या डोक्यावर पदर धरला ऊन लागू नये म्हणून. पण शंभर पावलांच्या अंतराला वीस मिनिटं लागली. सासूबाई आता बऱ्या आहेत. मी हे सांगतेय ते यासाठी, की प्रत्येक वेळी माणूस बराच होईल असं नाही, आणि पेठेत म्हाताऱ्या माणसांची घरं कमी नाहीत.

त्या पदर धरणाऱ्या बाईमुळं एक गोष्ट स्पष्ट करते. मी पाहुण्यांवर रागावलेली नाही. नवरात्रात एकदा दुपारी दार वाजलं. तेलंगणातली बाई होती, कडेवर मूल, बरोबर चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. भाषा एकमेकींना येत नाही. मुलीकडं बघूनच मला कळलं काय हवंय ते. चार तास रांगेत उभी राहिलेली पोर, जायचं कुठं तिनं? न्हाणी दाखवली, पाणी दिलं. निघताना त्या बाईनं वाकून नमस्कार केला आणि मलाच लाज वाटली, शहराच्या वतीनं. लाखांनी माणसं येणार हे सहा महिने आधी ठाऊक असतं, तिथी पंचांगात छापलेली असते, आणि तरी बायकांसाठी पुरेशी स्वच्छ शौचालयं नसतात. मग ती सोय कोण करतं? पेठेतल्या बायका. 'अतिथी देवो भव'ची पाटी नाक्यावर लागते आणि अतिथीची न्हाणी आमच्या घरात असते.

(जाता जाता एक गंमत. दारावर ठळक 'जय जिनेंद्र' लिहिलेलं असताना त्याच दारात उभं राहून लोक विचारतात, तांबडा-पांढरा कुठं चांगला मिळतो? पत्ता सांगितला तर अनुमोदनेचा दोष, नाही सांगितला तर कोल्हापूरकर माणूसघाणे. सासूबाई त्या सगळ्यांना बिनदिक्कत मिसळीच्या दुकानाकडं पाठवतात.)

आता आपल्याच माणसांचा आक्षेप. 'वहिनी, तुम्ही असं लिहू नका, धंदा आपलाच आहे.' गुजरीत, कापडात, किराण्यात आपली माणसं आहेत हे मला कुणी सांगायला नको, मी त्याच घरातली आहे. पण जरा वही उघडून बघू या. रविवारी महाद्वार रोडला गावातलं गिऱ्हाईक येतं का? येत नाही. लग्नाचा बस्ता बांधायला, मुलीचं मंगळसूत्र करायला येणारं कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडचं पिढ्यांचं गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून राजारामपुरीला नाहीतर आणखी कुठं वळलं. जे येतात ते देवीचा फोटो, कुंकवाची डबी आणि पोराला टोपी घेऊन जातात. किराणा दुकानाचं टोप्यांचं दुकान होतं तेव्हा गल्ला भरलेला दिसतो, पण गल्लीतल्या बाईला शेरभर तूरडाळ आणायला लांब जावं लागतं. कपिलतीर्थात भाजीला मी सकाळी सातला जाते, कारण दहानंतर तिथं पिशवी घेऊन उभं राहायला जागा नसते. कमाई दुकानाच्या खात्यावर जमा होते आणि खर्च घराच्या खात्यावर पडतो. दुकानाची वही पुरुष लिहितात, घराची वही कुणी लिहीतच नाही. म्हणून धंदा फायद्यात दिसतो.

आणि ज्यांनी वडिलोपार्जित वाडा लॉजला दिला, ते स्वतः कुठं राहायला गेले? नागाळा पार्कात, रुईकर कॉलनीत, जिथं रात्री दहाला शांत होतं. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा नियम २०००पासून देशभर आहे. पेठेत तो कागदावर आहे. वाडा विकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, प्रत्येकाच्या अडचणी असतात. पण त्यांनी विकून झाल्यावर आम्हाला 'पर्यटन वाढलं पाहिजे' हे सांगू नये.

अशानं काय होतं ते बघायला व्हेनिसचं उदाहरण पुरेल. इटलीतल्या त्या जुन्या शहरात १९५०च्या सुमाराला पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये ती ५०,०००च्या खाली आली. घरं पर्यटकांना दिली, भाडी चढली, भाजीची दुकानं जाऊन मुखवट्यांची आली, आणि माणसं निघून गेली. २०२४ मध्ये गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात झाली. मला हा उपाय पटत नाही. पैसेवाला ५ काय, ५० देईल, आणि अडेल तो गरीब. देवीच्या गावाला तिकीट नको. बार्सिलोनानं मात्र मुळाला हात घातला. २०२८पर्यंत पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या १०,०००हून जास्त घरांचे परवाने संपवायचे, असं तिथल्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं. घर हे आधी राहणाऱ्यासाठी, हे तिथं कुणीतरी मोठ्यानं म्हटलं.

इतकं लांब जायलाही नको. आपल्या माथेरानला सगळ्यांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढं चालत, घोड्यावर नाहीतर छोट्या रेल्वेनं. म्हणून कुणी माथेरानला जायचं सोडलंय का?

आता जे लिहिणार आहे ते काहींना झोंबेल. जानेवारी २०२३ आठवा. सम्मेद शिखरजी पर्यटनस्थळ होणार म्हणून देशभर आपल्या समाजाचे मोर्चे निघाले. बायका लहान मुलांना घेऊन रस्त्यावर उतरल्या, दुकानं बंद राहिली. ५ जानेवारीला केंद्र सरकारनं तिथल्या पर्यटनाच्या हालचालींना स्थगिती दिली. त्या वेळी आपण काय म्हणत होतो? तीर्थ वेगळं, पर्यटनस्थळ वेगळं. तिथं येणाऱ्यानं तिथल्या नियमानं वागावं. अगदी बरोबर होतं ते. मग तेच वाक्य आपल्या स्वतःच्या पेठेबद्दल बोलताना आपल्या तोंडाला कुलूप का लागतं? शिखरजीसाठी झारखंडच्या दिशेनं घोषणा देणारा आपला समाज महाद्वार रोडसाठी साधा एक अर्ज देत नाही.

आणि हाच नियम उलटा फिरवूनही लावायला हवा. पारसनाथचा तो डोंगर संथाळांचा मरांग बुरू आहे, त्यांचंही ते देवस्थान आहे. मधुबनला डोली उचलणारा माणूस तिथलाच रहिवासी असतो, त्याला घर असतं, त्याच्याही बायकोला पाणी लागतं. आपल्या सहलींच्या बस तिथं पहाटे तीनला कर्णे लावून निघतात, पालिताण्याला, श्रवणबेळगोळला जातात, प्रत्येक ठिकाणी 'जैन जेवण का नाही' म्हणून वाद घालतात. तिथल्या कुणा बाईनं आपल्याबद्दल असाच लेख लिहिला तर त्यात काय काय येईल, याची यादी पुढच्या यात्रेच्या बसमध्ये वाचून दाखवावी असं मी यात्रा काढणाऱ्या काकांना सांगितलंय. ते हसले. मी हसले नाही.

मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिराच्या १,४४५ कोटींच्या विकास आराखड्याला मान्यता मिळाली. एवढा पैसा येणार तर चांगलंच. पण मंदिराभोवतालच्या विकासात 'भोवताल' म्हणजे आपण. जागा जातील त्या आपल्या शेजाऱ्यांच्या, धूळ खाणार ती आपली घरं. नोव्हेंबर २०२०पासून पाच वर्षांहून जास्त काळ या शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, त्यामुळं विचारायचं कुणाला हा प्रश्नच होता. आता विचारता येईल. आराखड्याच्या बैठकीत भाविकांचे प्रतिनिधी असतात, व्यापाऱ्यांचे असतात. घर चालवणाऱ्या बाईची खुर्ची त्यात नाही.

म्हणून आमच्या गल्लीतल्या सात-आठ जणींनी एक अर्ज लिहायला घेतलाय. त्यात आहे ते हे: सुट्टीच्या आणि सणाच्या दिवशी बाहेरच्या गाड्या शहराच्या वेशीवर थांबवा आणि तिथून केएमटीच्या बस सोडा. पेठेत राहणाऱ्यांना गाडीचा पास द्या. चातुर्मासात सकाळी दीड तास बस्तीकडची वाट मोकळी ठेवा. रुग्णवाहिकेसाठी एक रस्ता बारा महिने रिकामा ठेवा, त्यावर हातगाडीसुद्धा नको. बायकांची शौचालयं रात्रीही उघडी आणि धुतलेली असू द्या. लॉजला परवाना देताना शेजाऱ्यांना विचारा आणि पाण्याला मीटर लावा. शुक्रवार पेठेतल्या मराठा, लिंगायत, मुस्लिम शेजारणींनाही विचारलं, त्यांनी आमच्या आधी सह्या केल्या. एकीनं आणखी एक कलम घालायला लावलं, मुलींच्या शाळेच्या वाटेवर रात्रीचे दिवे.

भाषा अजून कच्ची आहे. कायद्याचं जाणणारी कुणी असेल तर हवीच आहे. येत्या रविवारी दुपारी तीनला आमच्या माडीवर बसायचं ठरलंय. साडेपाचला उठू, म्हणजे लांबच्या जणींना सूर्यास्ताआधी घरी पोचता येईल. येताना घरातल्या पाणीपट्टीची एक झेरॉक्स आणा, राहण्याचा पुरावा म्हणून जोडायचीय. आणि कृपा करून गाडी आणू नका, लावायला जागा नाही.